निळ्या काठाच्या चौदा साड्या

रविवारी सकाळी आमच्या चर्चच्या दारात दोन गोष्टी हमखास असतात, चपलांचा ढीग आणि माझे बाबा. बाबा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि लगेच मंडळीच्या पंच कमिटीवर निवडून आले. देवाच्या घरी कोणी काय घालून यावं ही फाईल त्यांनी तेव्हा हातात घेतली, ती आजतागायत खाली ठेवलेली नाही. पाळकसाहेबांनी आत्म्याचं पाहावं, कपड्यांचं मी पाहतो, अशी त्यांनी कामाची वाटणी केली होती. पाळकसाहेबांना कोणी विचारलं नव्हतं.

नियम साधे होते. पुरुषांनी फुलपँट घालायची, शर्ट आत खोचायचा, टोपी दारातच काढायची. बायकांनी साडी नेसायची, मुलींना पंजाबी ड्रेस चालेल, पण डोकं झाकलेलं पाहिजे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, त्या दिवशी बायकांनी पांढरं नेसायचं. जिच्या डोक्यावर पदर नसेल तिच्याकडे बघून बाबा दोनच शब्द म्हणत, "बाई, पदर." ओढणी विसरलेल्या मुलींसाठी दाराजवळ एक खुंटी होती आणि तिच्यावर मंडळीच्या मालकीच्या चार ओढण्या लटकत असत. त्यांना डांबरगोळीचा आणि दुसऱ्याच्या केसांच्या तेलाचा वास यायचा. एकदा ती ओढणी डोक्यावर घेतली की मुलगी पुढच्या रविवारी घरूनच आणत असे, त्यामुळे बाबांच्या मते ती खुंटी फार गुणकारी होती.

बाबा स्वतः बारा महिने काळा कोट घालून येत. अमरावतीच्या मे महिन्यात, जेव्हा कुत्रीसुद्धा नालीत बसून असतात, तेव्हाही कोट. मंडळीत असे कोटवाले सात-आठ होते. चर्चमध्ये पंखे तीन, त्यातला एक नुसता आवाज करायचा. उरलेल्या दोन पंख्यांखालचे बाक कोटवाल्यांसाठी राखून ठेवायचे असा ठराव बाबांनी करून घेतला होता. ज्याने देवासाठी कोट घातला त्याला निदान वारा मिळाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कोट काढला तर पंख्याची गरजच पडणार नाही, असं मी एकदा म्हणून पाहिलं. प्रभूचे शिष्य तर मासे पकडणारे होते, ते काय घालून बसत असतील, हेही विचारलं. त्यांच्याकडे शिंपी नव्हता, असं उत्तर मिळालं.

इथे एक घरातली गोष्ट सांगून टाकते. आई गेल्यापासून बाबांच्या शर्टाला इस्त्री मी करते. मी शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही, म्हणजे इस्त्रीला आयतीच सापडले. शनिवारी संध्याकाळी बाबा शर्ट माझ्यापुढे टाकत आणि सांगत की कॉलर, कफ आणि समोरची पट्टी तेवढी कर, बाकीचं कोटात जाते. त्यामुळे मंडळीतला सर्वांत टापटीप माणूस समोरून कडक आणि पाठीमागून बोळा झालेला असायचा, आणि हे त्यांना, मला आणि देवालाच ठाऊक होतं.

मग दादाने लग्न केलं. दादा रोज अकोल्याला नोकरीसाठी जाऊन-येऊन करतो. तिथे सरकारी कचेरीत काम करणारी एक मुलगी त्याला आवडली, तीही अमरावतीहून जा-ये करायला तयार झाली. माहेर दर्यापूरचं, घर बौद्ध. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं आणि बाबांनी महिनाभर तोंड उघडलं नाही. त्यांचं म्हणणं काय होतं ते त्यांनी स्पष्ट कधीच सांगितलं नाही, पण आम्हाला माहीत होतं. माझ्या आजोबांनी येशूला धरलं आणि त्यांच्या सख्ख्या भावाने छप्पन साली बुद्धाला. भातकुलीकडचं शेत एकच, मधे बांध, बांधाच्या दोन्ही बाजूंना एकाच आडनावाची माणसं. बाबांनी त्या बांधापलीकडे बघायचं केव्हाच सोडून दिलं होतं. आणि आता पलीकडची सून उंबरठ्यावर उभी.

शेवटी बाबांनी एकच अट घातली, रविवारी चर्चला यायचं. वहिनी म्हणाली की येईन, बसेन, गाणीही म्हणेन, पण बाप्तिस्म्याचं मले कोणी विचारायचं नाही. बाबांनी मान डोलावली आणि लगेच मूळ पदावर आले. पहिल्या रविवारी पांढरी साडी लागेल, डोक्यावर पदर लागेल, आहे का? वहिनी म्हणाली, "पांढरी हाय ना मामाजी. चांगली हाय."

त्या शनिवारी मी शर्टाच्या कॉलरीला इस्त्री करत असताना वहिनीने ती साडी आणली. पांढरीशुभ्र सुती, बोटभर निळा काठ. सुरेख होती. तिनेच सांगितलं की ही आईची आहे, आई दर पौर्णिमेला विहारात वंदनेला नेसते, लग्नात तिने मला दिली. मग जरा थांबून तिने विचारलं की चालेल ना, सांगू का मामाजींना. मी विचार केला तो एवढाच की बाबांनी रंग सांगितला होता, काठाबद्दल काही बोलले नव्हते. आणि खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या होत होत्या. मी म्हटलं, "काही सांगू नको. मजा येईल."

मजा फार आली. वहिनी दारातून आत शिरली तेव्हा बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. आमच्या बायकांच्या पांढऱ्या साड्या म्हणजे कुणाची लग्नातली पिवळी पडलेली, कुणाची चकाकणाऱ्या टिकल्यांची, कुणाची निळीत जास्त बुचकळल्यामुळे आकाशी झालेली. त्यांत वहिनीची साडी एकदम शांत दिसत होती. बाबांनी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, पण पदर डोक्यावर आधीच होता, म्हणून मिटलं. पाळकसाहेबांचा त्या दिवशीचा विषय नेमका मर्यादेचा होता. बोलता बोलता त्यांनी हात करून दाखवलं की मंडळीत नव्या आलेल्या या भगिनीकडे पाहा, साधेपणा याला म्हणतात, ख्रिस्ती स्त्रीची साडी अशी असावी. सेवेला वाहून घेतलेल्या भगिनी असाच निळा काठ नेसतात, अशी जोडही दिली. मी रुमालात तोंड घालून खोकले. दादा ढोलक घेऊन समोर बसला होता, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी आणखी खोकले.

त्या दुपारी बाबांनी वहिनीच्या हातची पोळी मागून घेतली. महिनाभरात पहिल्यांदा. भाजीत मीठ बरोबर आहे असंही म्हणाले. वहिनी स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि तिथे मला पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटलं. ही पोळी त्या साडीवर मिळाली होती. साडीचं कळलं तर पोळी परत जाईल, हे मला समजत होतं. तरी मी गप्प बसले, कारण गप्प बसणं सोपं होतं.

पुढच्या आठवड्यात महिला समाजाच्या सेक्रेटरीबाई घरी आल्या. त्यांना तश्शीच साडी हवी होती. त्यांना एकट्यांना नाही, समाजातल्या सगळ्यांना, ईस्टरला एकसारखं दिसायला. वहिनी माझ्याकडे पाहू लागली. मी तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी दर्यापूरच्या दुकानाचा पत्ता दिला. साड्यांचा गठ्ठा एसटीने आला, चौदा साड्या, निळा काठ, बोटभर. बाबांनी स्वतः गठ्ठा सोडला, कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले की इतक्या वर्षांत आता कुठे मंडळीला शिस्त लागली.

आता ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ईस्टरला आम्ही उजाडायच्या वेळी फेरी काढतो. पुढे वधस्तंभ, मग ढोलक आणि झांजा, मग बायका, मग पुरुष, गाणी म्हणत सगळ्या वस्तीतून चर्चपर्यंत. त्या वर्षी ईस्टरच्या लगेच पुढच्या शुक्रवारी चौदा एप्रिलची जयंती होती. म्हणजे चौकाचौकात मंडप उभे राहात होते आणि पोरं रात्रभर जागून निळी तोरणं बांधत होती. हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्यासुद्धा. शपथेवर सांगते.

फेरी मोठ्या चौकात वळली. पुढे बाबा, काळा कोट, दोन्ही हातांत वधस्तंभ. त्यांच्या मागे दादा गळ्यात ढोलक अडकवून, आणि त्याच्या मागे पांढऱ्या साड्या आणि निळे काठ यांची ओळच्या ओळ, वहिनी धरून पंधरा. मंडपावर चढलेल्या पोरांनी ते पाहिलं आणि धडाधड खाली उतरली. बायका एवढ्या सकाळी निघाल्या याचं त्यांना फार कौतुक वाटलं. कुणीतरी पाण्याचा जार आणला, कुणी चहा आणला. एका पोराने निळ्या झेंड्यांचा गठ्ठा सोडला आणि एकेकीच्या हातात एकेक झेंडा दिला. आमच्या बायका पहाटे तीनपासून उठलेल्या, घसा कोरडा. त्यांनी चहा घेतला, झेंडेही घेतले. खजिनदारांच्या सौभाग्यवतींनी तर झेंडा उंच धरून पुढचं कडवं उचललं.

कोपऱ्यावर भाजीची पाटी मांडणारी एक बाई आमच्या ओळखीची होती. तिने सेक्रेटरीबाईंना हटकलं, "काहून वं बाई, जयंती तं शुक्रवारी हाय. तुमी आजच निंगाल्या?"

ढोलक थांबला. दादाला हसू आवरेना, म्हणून थांबला. मग बाबांनी मागे वळून पाहिलं. त्यांनी साड्या पाहिल्या, झेंडे पाहिले, मंडपावरची तोरणं पाहिली, आणि हेडक्लार्कच्या डोक्यात सगळे कागद एका फाईलीत लागले. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी हसत नव्हती.

दुपारी घरी त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. तुले हे माहीत होतं का, एवढंच विचारलं.

वहिनी म्हणाली, "माह्या आईची साडी हाय ते, मामाजी. तुमी पांढरी म्हटली, मी पांढरी नेसली. काय चुकलं ते सांगा."

बाबांनी मनातल्या मनात नियम तपासले. चुकलं काहीच नव्हतं, नियमात पूर्ण बसत होतं. मग ते म्हणाले की लोक आपल्याला हसले. वहिनी म्हणाली की माझ्या आईच्या साडीला हसले असतील तर मी पुन्हा तुमच्या देवळात पाय ठेवणार नाही. मी मधे पडले. सगळं माझं आहे, मीच गप्प बस म्हटलं, पत्ता मीच दिला, असं भडाभडा सांगून टाकलं. दादाने रात्री जेवताना सांगितलं की अकोल्याला खोली बघितली आहे, जून लागला की आम्ही तिकडे जातो. तिथे कोणी काठ पाहणार नाही.

पंच कमिटीची बैठक बसली. बायकांच्या पांढऱ्या साडीचा काठ कोणत्या रंगाचा असावा यावर सात पुरुष दोन तास बोलले. त्यातले निम्मे स्वतःचे मोजे कोणत्या रंगाचे हे खाली पाहिल्याशिवाय सांगू शकले नसते. ठराव झाला नाही. सेक्रेटरीबाईंनी निरोप पाठवला की साडी धुवायला सोपी आहे, पाच मिनिटांत वाळते, आम्ही ती नेसणार, पंचांनी खुशाल ठराव करावा.

पण वहिनी यायची थांबली. आणि ती येईना म्हणून दादाही येईना. ढोलक कोपऱ्यात उपडा पडला. ढोलकाशिवाय आमचं गायन म्हणजे प्रत्येक जण आपापल्या वेळेला स्वर्गात पोचतो. बाबा दारात उभे राहात, पण 'बाई, पदर' म्हणताना त्यांचा आवाज खाली आला होता. घरी ते पोळी मागत नव्हते, जी वाढली ती खात. मुलगा घर सोडून चालला आहे आणि आपल्याला एक वाक्य सुचत नाही, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला वहिनीची आई दर्यापूरहून आली आणि लेकीकडे मुक्कामाला राहिली. ठेंगणी, सावळी बाई, तीन एकर सोयाबीन स्वतः उभं राहून पेरून घेणारी. रविवारी सकाळी, बाबा चर्चला निघून गेल्यावर, ती चहा पिता पिता म्हणाली, "ज्या देवळात माह्या साडीनं एवढा धिंगाणा केला ते देऊळ मले पाह्यचं हाय."

वहिनी नको म्हणाली, दादा नको म्हणाला. ती उठली आणि साडी बदलून आली. पांढरी, निळा काठ. तिच्याकडे दुसरी होती. मग वहिनीनेही आपली कपाटातून काढून नेसली. मी वहिनीच्या आईला हळूच सांगितलं की आमच्याकडे डोक्यावर पदर घेतात, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. ती म्हणाली की आमच्या विहारात मी असं डोकं झाकत नाही, इथं झाकलं तर नाटक होईल.

नेमका महिन्याचा पहिला रविवार होता. चर्चच्या फाटकातून पुढे ती, मागे डोक्यावर पदर घेतलेली वहिनी, मागे दादा, सगळ्यांत मागे मी. आता एक शब्द वाकडा गेला की अकोल्याची खोली पक्की, हे आम्हा सगळ्यांना समजत होतं. दारात बाबा उभे होते. कोटाखाली घामाच्या धारा. त्यांच्या बाजूला दोन पंच, आत सगळी मंडळी माना वळवून बसलेली.

विहीणबाई पायरीवर चप्पल काढून सरळ उभी राहिली. भर उन्हात तिचे पांढरे केस उघडे. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा हात सवयीने खुंटीकडे गेला, तिथल्या ओढणीला लागला, आणि तिथेच राहिला. मला वाटलं संपलं.

बाबांनी हात खाली घेतला. म्हणाले, "या. पंख्याखाली बसा."

पंख्याखाली जागा नव्हती, तिथे कोट बसले होते. बाबा स्वतः पुढे गेले, आपल्या नेहमीच्या जागेवरचं बायबल उचललं आणि ती जागा तिला दिली. पुरुषांच्या बाजूला, दुसऱ्या बाकावर, खजिनदारांच्या शेजारी. खजिनदार अंग चोरून बसले. मग बाबा दाराशी परत आले. तिथे पंखा नव्हता आणि उपासना दीड तासाची होती. मग त्यांनी कोट काढला आणि खुंटीवर, त्या चार ओढण्यांवर, अडकवला.

अख्ख्या मंडळीने बाबांची पाठ पाहिली. खांद्यापासून कमरेपर्यंत शर्ट चुरगाळलेला, मधोमध दोरीवर वाळत घातल्याचा वळ, आणि बाह्या कोपरापर्यंत बोळा. मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मी खाली मान घातली. दादाने मात्र कोपऱ्यातून ढोलक उचलला, मांडीवर घेतला, धूळ फुंकली आणि पहिलं गाणं धरलं.

उपासना संपली. लोक चपला शोधत होते आणि वहिनीच्या आईकडे पाहात होते. सेक्रेटरीबाई आपल्या निळ्या काठासकट तिला भेटायला आल्या आणि साडीला खळ किती घालायची ते विचारून गेल्या. मग ती दारात बाबांसमोर थांबली. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मागूनही वाकून पाहिलं. अगदी बाबा इतकी वर्षं सगळ्यांना पाहात आले तसं.

"भाऊ," ती म्हणाली, "देवाच्या घरी येता तं मांगूनही इस्त्री करून येत जा."

बाबांचे कान लाल झाले. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं आणि ते हसले, आई असताना हसायचे तसे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वहिनीचा पदर हसता हसता डोक्यावरून खाली आला. तो कोणी वर घे म्हटलं नाही.

अकोल्याच्या खोलीचा विषय त्या दिवशी मिटला. दर शनिवारी मागच्या बाजूची इस्त्री मात्र माझ्या गळ्यात पडली ती पडलीच.